‘पाडस’ : रान, शेत आणि मैत्री

अमेरिकन लेखिका मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची ‘द इयरलिंग’ ही कादंबरी १९३८ साली प्रसिद्ध झाली व पुढील वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक राम पटवर्धन यांनी ‘पाडस’ या नावाने तिचा मराठी अनुवाद केला. कथा आहे फ्लॉरिडातील झुडपी रानाची. परंतु बेळगाव-निपाणी भागातील, विशेषतः खानापूर तालुक्याच्या रानकडेच्या गावांतील वाचकास ती परकी वाटण्याचे कारण नाही.

ज्योडी हा एकुलत्या एका शेतकरी कुटुंबाचा मुलगा. बापाला विषारी साप चावतो. बाप तत्काळ एक हरिणी मारतो आणि तिच्या काळजाने विष शोषून घेण्याचा प्रयत्न करतो. (हा त्या काळातील समज होय, आज सर्पदंश झालेल्या व्यक्तीस विनाविलंब रुग्णालयातच न्यावयास हवे.) हरिणीमागे उरलेले पोरके पाडस ज्योडी घरी आणतो. त्याचा पांगळा मित्र फॉडरविंग अकाली मरण पावतो. पाडसाचे ‘फ्लॅग’ हे नाव त्यानेच सुचविलेले असते, हे ज्योडीस मागाहून कळते.

येथपर्यंत गोष्ट गोड आहे. परंतु पाडस वाढते आणि मक्याचे कोवळे कोंब खाऊ लागते. पुन्हा पेरणी होते, कुंपण उंचावले जाते, तरीही ते आत शिरते. मका म्हणजे त्या कुटुंबाचे वर्षाचे अन्न. गवे व रानडुकरे यांनी एका रात्रीत भातपीक तुडविलेले ज्याने पाहिले आहे, त्यास बापाचा कठोर निर्णय उलगडून सांगावा लागत नाही. आईच्या हातून झाडलेली गोळी नेमकी लागत नाही आणि जखमी पाडसाचा शेवट ज्योडीसच करावा लागतो. तो रागाने घर सोडतो. उपासमारीने व्याकूळ होऊन परततो, तेव्हा आजारी बापाच्या शेताचा भार उचलण्यास तो तयार झालेला असतो. लेखिकेने येथे कोणासही दोषी ठरविलेले नाही, आणि पुस्तकाचे खरे बळ यातच आहे.

पुस्तक वाचून एखाद्या मुलास हरिणाचे पिल्लू घरी आणावेसे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून पालकांनी दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. हरिणी चरावयास जाताना पाडसास गवतात लपवून ठेवते. एकटे दिसलेले प्रत्येक पाडस पोरके नसते, त्यास स्पर्श करू नये. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानटी हरीण घरी पाळता येत नाही. असा प्राणी ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत नजीकच्या पोलीस ठाण्यास अथवा प्राधिकृत अधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. खानापूर तालुक्यातील भीमगड परिसर २०११ पासून अभयारण्य आहे, हेही तेथील पालकांनी ध्यानी ठेवावे.

बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे. अशा जुन्या वाचनालयांच्या बालविभागात ‘पाडस’ची प्रत असावी, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांनी ते प्रथम घरातील मोठ्यांसोबत वाचावे. शेवटची प्रकरणे मुलांना एकट्याने पेलत नाहीत.