बार्शी लाइटचा गार्डचा डबा : 25 फुटांचा आधार

तयार संच न घेता पत्रा, तार आणि लाकूड अशा कच्च्या मालातून हुबेहूब मापाची प्रतिकृती घडवण्याला छंदिष्टांच्या जगात स्क्रॅचबिल्डिंग म्हणतात. धाराशिव जिल्ह्यात हे कसब पणाला लावावे अशी गाडी म्हणजे येडशी, कसबे तडवळे, ढोकी या स्थानकांवरून लातूर गाठणारी बार्शी लाइट रेल्वे. कंपनी लंडनमध्ये 1895 साली स्थापन झाली, कुर्डुवाडी–बार्शी मार्ग 1897 मध्ये सुरू झाला, 1911 मध्ये रूळ लातूरला व 1927 मध्ये मिरजेला पोहोचले, 1954 मध्ये रेल्वे सरकारच्या ताब्यात आली आणि 2008 पर्यंत कुर्डुवाडी–लातूर मार्ग रुंद होऊन धाराशिव शहरही त्यावर आले.

या रेल्वेचे शिल्पकार अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा एकसारखेपणाचा आग्रह विलक्षण होता. प्रत्येक आसावरचा भार 5 टनांच्या मर्यादेत ठेवायचा आणि मालडब्यांना 25 फूट लांब व 7 फूट रुंद असा एकच सांगाडा द्यायचा, ही त्यांची पद्धत. चार आसांवर 20 टन पेलत असल्याने दाबून घडवलेल्या पोलादाचा हलका सांगाडा वापरून 15 टन माल वाहता येई. प्रतिकृतीकाराला या शिस्तीचा जो लाभ होतो, त्याचे मोल फार मोठे आहे. मूळ आराखडा हाती नसला, तरी या सांगाड्यावरच्या डब्याचे अगदी समोरून घेतलेले छायाचित्र मिळाले की त्याची लांबी मोजून इतर मापे काढता येतात : छायाचित्रात सांगाडा टोकापासून टोकापर्यंत 125 मिमी भरला, तर 5 मिमी म्हणजे 1 फूट, आणि 30 मिमीचे दार 6 फुटांचे. कललेल्या छायाचित्रात हा हिशेब फसतो, आणि जोडणीचा आकडा लांबीत धरला तरीही फसतो.

प्रमाणाची निवड हा तर या छंदातला सर्वांत रम्य वादविषय. बार्शी लाइटच्या रुळांमधले अंतर, म्हणजे गेज, 762 मिमी; एका फुटाला 4 मिमी या प्रमाणात, अर्थात 1:76.2 ला, ते नेमके 10 मिमी होते, सांगाडा 100 मिमी आणि रुंदी 28 मिमी. बाजारात सहज मिळणारे रूळ मात्र 9 मिमीचे असतात, म्हणून बहुतेक जण तेच वापरतात. पण अरुंद रुळांवर रुंद डबा हेच या गाडीचे रूप असल्याने, तो एक मिलिमीटर सोडणे योग्य नव्हे आणि रूळ व चाकांच्या जोड्या स्वतः 10 मिमीच्या मापाने बसवणेच इष्ट.

सांगाड्याचे काम जपून करावे लागते. पितळी पत्रा आतून खोबण पाडून वाकवला, की कोपरा धारदार येतो आणि तुळई जोडकामाची वाटू लागते. दाबून घडवलेल्या पोलादाची कड मात्र किंचित गोल असते, म्हणून पत्रा खोबणीविना पोलादी सुईवर हळूहळू वळवून मगच कथिलाचा डाख द्यावा. रिव्हेटांची टोके उमटवण्यासाठी पत्र्याच्या मागून सुईने टोचे मारतात, पण ते मोजकेच असावेत, कारण या सांगाड्याला जोड कमीच.

गार्डच्या डब्याच्या आतल्या भागात त्याचा हातब्रेक मन लावून करावा. उभ्या स्तंभावरचे हातचाक फिरवले की स्क्रू फरशीखालच्या दांड्या ओढतो आणि ठोकळे चाकांवर दाबले जातात. बालाघाटच्या पठाराच्या कडेवरच्या येडशीहून बार्शीकडे उतरताना गाडी मधेच तुटलीच, तर मागचा भाग रोखण्याचे ते साधन. दार उघडे ठेवले तरच हा स्तंभ दिसतो, म्हणून प्रतिकृतीत एक दार उघडेच करावे आणि दांड्यांची सगळी साखळी चाकांपर्यंत पोहोचलेली असावी.