बुद्धिबळ, देशी डावांचे रूपांतर
बुद्धिबळाच्या भारतीय पद्धतीच्या नियमांस अनुसरून रचलेले डाव व कूटप्रश्न आंतरराष्ट्रीय नियमांस जुळवून घेण्याची क्रिया. एका नियमावलीत निर्दोष असलेली रचना दुसऱ्या नियमावलीत सदोष ठरू शकते. म्हणून पटावरील मांडणी तशीच उतरवून घेतल्याने रूपांतर पूर्ण होत नाही.

भीमा खोऱ्यासह दक्षिणेच्या मोठ्या भागावर सत्ता असलेला कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात या खेळाचे विवेचन आहे. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्ट याने सतराव्या शतकात नीतिमयूखातही त्याचा परामर्श घेतला. यूरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस वजीर व उंट यांच्या चाली दूरगामी झाल्या. पुढे भारतातही त्या रूढ झाल्या. तथापि अन्य नियम वेगळेच राहिले व त्यांतही प्रांतपरत्वे भेद होते.

देशी पद्धतीत प्यादे सामान्यतः प्रारंभीही एकच घर पुढे जाते. किल्लेकोट नसतो, त्याऐवजी शह मिळण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याची चाल करता येते. शेवटच्या घरात पोहोचलेले प्यादे ज्या पट्टीत असेल त्या पट्टीचे मोहरे बनते. म्हणजे हत्तीच्या पट्टीत हत्ती, घोड्याच्या पट्टीत घोडा आणि राजा व वजीर यांच्या पट्ट्यांत वजीर. प्रतिपक्षाचा राजा एकटा उरल्यास ‘बुर्ज’ होऊन डाव बरोबरीत सुटतो. प्याद्याने केलेली मात विशेष मानाची समजली जाते. या अखेरच्या दोन संकेतांमुळे देशी खेळाडूस केवळ मोहरी मारून भागत नाही. प्रतिपक्षाचे बळ शिल्लक ठेवूनच मात साधावी लागते.

रूपांतरात प्रथम रचनेचे उत्तर कोणत्या नियमावर अवलंबून आहे, हे पाहावे लागते. घोड्याच्या पट्टीतील प्यादे घोडा बनून मात करते, अशी मूळ कल्पना असल्यास आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्याच प्याद्याचा वजीर करण्याची मुभा मिळते. त्यामुळे दुसरे किंवा अधिक सोपे उत्तर निघून कूटप्रश्नाचे वैशिष्ट्य नष्ट होऊ शकते. अशा वेळी वजीर निरुपयोगी ठरेल अशी मांडणी करणे किंवा मूळ अट स्पष्टपणे नमूद करणे, हे दोन मार्ग उरतात.

बुर्ज टाळण्यासाठी ठेवलेले प्रतिपक्षाचे एखादे प्यादे आंतरराष्ट्रीय नियमांत अनावश्यक वाटते. परंतु ते काढल्यास राजाला शह नसताना प्रतिपक्षाजवळ एकही चाल न उरण्याचा संभव असतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ती बरोबरी ठरते व जिंकलेला डाव हातचा जातो. याउलट, एकट्या राजावर राजा व वजीर यांनी केलेली मात ही आंतरराष्ट्रीय खेळातील प्राथमिक बाब असली, तरी बुर्जाच्या नियमामुळे देशी पद्धतीत तिला स्थान नाही. राजाच्या घोडचालीवर आधारलेल्या रचनेचे मात्र खऱ्या अर्थाने रूपांतर होत नाही. ती मूळ नियमांसह जतन करावी लागते.

या प्रकारचा महत्त्वाचा प्रारंभिक प्रयत्न मुंबईत झाला. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या विलासमणिमंजरी या संस्कृत ग्रंथातील रचनांचे इंग्रजी भाषांतर १८१४ मध्ये तेथे प्रसिद्ध झाले. यूरोपीय खेळपद्धतीस जुळवून घेतलेल्या रचना, असा निर्देश त्याच्या शीर्षकातच आहे.

नियमांतर खेळाडूंनाही करावे लागले. देशी पद्धतीत तयार झालेला मीर सुलतान खान (मृ. १९६६) याने १९२८ मध्ये अखिल भारतीय स्पर्धा आणि १९२९, १९३२ व १९३३ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२४ मध्ये त्याला मरणोत्तर सन्माननीय ग्रँडमास्टर किताब दिला. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ १९५१ मध्ये स्थापन झाला व १९५५ मध्ये पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. संघटित स्पर्धांबरोबर आंतरराष्ट्रीय नियम सर्वत्र रुजले आणि देशी पद्धत मागे पडली.

एकाच नियमावलीमुळे भारतीय खेळाडूंना जगाशी बरोबरीने खेळता आले, हा मोठा लाभ होय. मात्र देशी रचना नव्या नियमांनी तपासल्यास त्यांतील संयम अकारण लांबण व हेतुपूर्वक ठेवलेली मोहरी दोष वाटू लागतात. म्हणून अशा रचनेची मूळ मांडणी, ती ज्या नियमांनुसार रचली ते नियम आणि रूपांतरात केलेला बदल या तिन्हींची एकत्र नोंद असणे आवश्यक ठरते. केवळ बदललेली मांडणी उरल्यास मूळ रचनाकाराची कल्पना पुन्हा ताडता येत नाही.