विडीचा धंदा आणि खेळते भांडवल
खेळते भांडवल म्हणजे धंद्याच्या रोजच्या व्यवहारात फिरत राहणारा पैसा. कच्चा माल, गोदामातला तयार माल, गिऱ्हाइकांकडून यायची उधारी आणि हातातली रोकड ही चालू मालमत्ता. तिच्यातून वर्षभरात भागवायची देणी वजा केली की उरते ते निव्वळ खेळते भांडवल. जमीन, इमारत, यंत्रे यांत अडकलेला पैसा त्यात धरत नाहीत.

जबलपूरच्या विडीधंद्यात हे फार स्वच्छ दिसते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मोहनलाल हरगोविंददास या पेढीने तिथे हा धंदा वाढवला. विडी वळली जाते हाताने, बहुधा बायकांच्या घरीच. यंत्रे जवळजवळ नाहीत, म्हणून मालकाचा पैसा मुख्यतः विडी वळायचा तेंदूपत्ता, तंबाखू, मजुरी आणि उधारीत असतो.

त्यातही खरी ओढाताण पत्त्याची. तेंदूपत्ता उन्हाळ्यात, पाऊस लागण्याआधी तोडावा लागतो. ५० पानांचा एक पुडा आणि अशा १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. १९६४ च्या कायद्याने मध्य प्रदेशात हा व्यापार सरकारच्या ताब्यात गेला. काही आठवड्यांत तोडलेला पत्ता वर्षभर पुरवायचा, म्हणजे पैसा आधी जातो आणि विडी विकली जाईल तसा हळूहळू परततो.

उदाहरणादाखल, पत्ता सरासरी ९० दिवस गोदामात, विडी तयार व्हायला १५ दिवस आणि वसुलीला ४५ दिवस धरू. एकूण १५० दिवस. तंबाखूवाल्याने ३० दिवसांची उधारी दिली, तर १२० दिवसांचा खर्च मालकाने उभा करायचा. रोजचा खर्च ५०,००० रुपये असेल, तर ढोबळ हिशेबाने ६० लाख. वहीत नफा दिसत असतानाही मजुरीच्या दिवशी गल्ला रिकामा असू शकतो, आणि वळणारीच्या चुलीला उधारी चालत नाही. उलट गरजेपेक्षा जास्त माल भरून ठेवला, तर व्याज वाढते आणि पत्ता खराब होण्याची जोखीमही.

खर्च आणि वसुली यांमधली ही दरी बँका कॅश क्रेडिटने, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तशी उचल देऊन, भरतात. लघुउद्योगांसाठी रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीने १९९२ मध्ये सोपे सूत्र दिले : अंदाजित वार्षिक विक्रीच्या २५ टक्के खेळते भांडवल धरावे, त्यापैकी विक्रीच्या २० टक्के बँकेने द्यावे, ५ टक्के मालकाने घालावे. या सूत्रामागे तीन महिन्यांचे चक्र गृहीत आहे. पत्त्यासारख्या हंगामी मालाला ते तोकडे पडते. तिथे हंगामातली सर्वाधिक गरज वेगळी मोजावी लागते.