आधी यंत्राला विचारा

अर्धापूर म्हटलं की केळीचे मळे डोळ्यांपुढे येतात. मळ्यातली मोटार सुरू झाली नाही, तर शेतकरी विहीर बुजवून दुसरी खोदतो का? नाही. आधी लाइट आहे का पाहतो, मग फ्यूज, मग स्टार्टर. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण थेट विहीरच बुजवायला निघतो.

गेल्या पावसाळ्यात इकडच्याच एका शाळेतले गुरुजी माझ्याकडे आले. शाळेत लिनक्सवर चालणारा एक संगणक आहे. त्यातून बाकीच्या संगणकांवर धडे आणि गुणपत्रके जातात. त्या सकाळी ही सेवा सुरूच होईना. "सर, सगळं पुसून नव्यानं भरू का?" त्यांनी विचारले. तीन वर्षांचे गुण त्यातच होते आणि दुसरी प्रत नव्हती! मी म्हणालो, "गुरुजी, थांबा. आधी त्यालाच विचारू."

या सेवेला एफटीपी म्हणतात. एफटीपी म्हणजे फायलींची ने-आण करण्याची ठरलेली रीत. तिचा पहिला आराखडा १९७१ साली अमेरिकेत अभय भूषण यांनी लिहिला. ते कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. लिनक्सवर हे काम करणारा एक प्रचलित प्रोग्रॅम म्हणजे व्हीएसएफटीपीडी.

आता विचारायचे कसे? 'सिस्टमसीटीएल स्टेटस' ही आज्ञा आणि पुढे सेवेचे नाव द्या. सेवा चालू आहे, बंद आहे की सुरू होताना पडली, ते कळते. मग 'जर्नलसीटीएल' ही आज्ञा नोंदवही उघडते. तिथेही उलगडा झाला नाही, तर मुख्य अधिकाराने तो प्रोग्रॅम हाताने चालवा. बहुधा तो स्वतःच आपले दुखणे सांगतो.

दुखणी थोडीच असतात. एक, मांडणीच्या फायलीत चूक. बरोबरच्या चिन्हाच्या मागेपुढे मोकळी जागा सोडली, तरी हा प्रोग्रॅम अडतो. दोन, त्या फायलीची मालकी मुख्य वापरकर्त्याकडे नसणे. तीन, २१ क्रमांकाचे दार आधीच दुसऱ्या प्रोग्रॅमने अडवलेले असणे. ते कोणी अडवले, हे 'एसएस' या आज्ञेने दिसते.

गुरुजींच्या यंत्रात काय निघालं? आदल्या दिवशी कुणाचे तरी ऐकून त्यांनी 'लिसन' या ओळीपुढे 'येस' लिहिले होते. 'लिसन आयपीव्ही सिक्स' पुढे ते आधीपासूनच होते. दोन्ही एकदम चालत नाहीत. पण मांडणी वाचली जाते ती सेवा सुरू होताना. म्हणून दिवसभर काही बिघडले नाही. रात्री लाइट गेली आणि सकाळी चूक उघडी पडली. आम्ही फायलीची प्रत काढून ठेवली, नवी ओळ 'नो' केली आणि सेवा सुरू केली. ती लगेच चालू झाली. गुण जागच्या जागी होते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. लाइट गेल्यावर सेवा आपोआप उठावी, यासाठी 'एनेबल' ही आज्ञा एकदा द्यावी लागते. आणि साध्या एफटीपीत सांकेतिक शब्द उघडाच प्रवास करतो. शाळेबाहेर फायली पाठवायच्या तर एसएफटीपी वापरा.

शिक्षक बंधुभगिनींनो, एका वेळी एकच बदल करा आणि लगेच तपासून पाहा. गुणांची दुसरी प्रत मात्र आजच काढा. गुरुजींनी ती त्याच दुपारी काढली.