सरपण फोडण्याचे तंत्र : कुऱ्हाड, पाचर आणि घण

झाड तोडणे आणि त्याच्या खोडाचे सरपण फोडणे ही दोन्ही कामे खेड्यात पुष्कळदा एकाच कुऱ्हाडीने होतात, तरी त्यांचे तंत्र वेगळे आहे. तोडताना पाते लाकडाचे तंतू आडवे छेदते, म्हणून तेथे पातळ व तीक्ष्ण धार लागते. फोडताना तंतू केवळ एकमेकांपासून सोडवायचे असतात, म्हणून तेथे पात्याची जाडी अधिक उपयोगी पडते. खोडातील बहुतेक पेशी उभ्या दिशेने लांबट असतात आणि शेजारच्या पेशींशी असलेली त्यांची पकड तुलनेने दुबळी असते. सरपण फोडण्याची सारी विद्या या दुबळेपणावर आधारलेली आहे.

कुऱ्हाडीचे पाते गावचा लोहार किंवा फिरता घिसाडी घडवतो आणि त्याच्या नेढ्यात, म्हणजे दांडा बसवण्याच्या भोकात, बाभळीचा किंवा धामणीचा दांडा ठोकला जातो. धामणीचे लाकूड चिवट व लवचिक असल्याने घावाचा हादरा सोसते. सैल झालेला दांडा पाण्यात भिजवून फुगवण्याचा उपाय तात्पुरता ठरतो, कारण वाळल्यावर लाकूड पुन्हा आकसते. पक्का उपाय म्हणजे नेढ्यात नवी चीप ठोकणे.

जाड ओंडक्यापुढे कुऱ्हाड अपुरी पडते आणि पाचर व घण हाती घ्यावे लागतात. पाचर म्हणजे एका टोकाला निमुळता होत गेलेला लोखंडी किंवा टणक लाकडाचा तुकडा, आणि घण म्हणजे लांब दांड्याचा जड हातोडा. लाकूड वाळताना वर्तुळांच्या दिशेने अधिक व गाभ्याच्या दिशेने कमी आकसते, त्यामुळे ओंडक्याच्या तोंडावर गाभ्यापासून सालीकडे चिरा पडतात. जाणकार फोडणारा घणाला हात घालण्याआधी या चिरा न्याहाळतो, फांदीची गाठ टाळतो आणि सोयीच्या चिरेत पहिली पाचर बसवतो. भेग रुंदावली की तिच्यात पुढे दुसरी पाचर मारली जाते, तशी पहिली सैल होऊन निघते आणि आणखी पुढे वापरता येते; अशा रीतीने दोनच पाचरींनी लांब ओंडका टोकापर्यंत उकलतो. घेर फार मोठा असल्यास मधोमध घाव न घालता कडेकडेच्या फळ्या आधी सुट्या केल्या जातात.

फोडण्याचा खरा हेतू लाकूड वाळवणे हा असतो. साल ओलावा अडवून धरते, तर फोडलेल्या लाकडाचा उघडा पृष्ठभाग तो लवकर बाहेर सोडतो. म्हणूनच कोकणात आगोटीला, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या बेगमीच्या दिवसांत, सरपण फोडून, उन्हात वाळवून पडवीत रचले जाते. पाणी तापवण्याच्या बंबासाठी बारीक ढलप्या लागतात, मोठ्या चुलाणाला जाड फाटे चालतात.

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारताच्या ग्रामीण भागात निम्म्याहून कमी लोकांच्या घरी स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरले जात होते. ओले लाकूड अधिक धुमसते आणि त्याचा धूर चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांत व छातीत जातो. जेथे गॅस अद्याप पुरेसा पोचलेला नाही, तेथे वेळेवर फोडून वाळवलेले सरपण हा धूर काही अंशी कमी करते, आणि एवढ्यासाठी तरी पाचर-घणाच्या या ज्ञानाची नोंद शेतीच्या इतर अवजारांइतक्याच आस्थेने व्हायला हवी.