भूगोलाचें उच्च शिक्षण : आमच्या घरांतील एक वाद

गेल्या ज्येष्ठांत आमच्या घरीं एक वाद उद्भवला. माझ्या वडील बंधूंची नात विज्ञानाची पदवी घेऊन घरीं आली आणि पुढें दोन वर्षें भूगोल व भूमाहितीशास्त्र या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेण्याची इच्छा तिनें बोलून दाखविली. आमच्या घरीं पंगतीस चौदा पानें पडतात. तेव्हां मतेंही चौदा पडलीं, यांत नवल नाहीं. वहिनींना चिंता ती ही, कीं मुलीची जात, डोंगरकपाऱ्यांतून हिंडावें लागेल. तिच्या वडिलांना चिंता फीची आणि पुढील नोकरीची. दादांचा आक्षेप मात्र मुळावरच होता. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तूं चौतीस वर्षें शाळेंत भूगोल शिकवलास. नद्यांचीं नांवें, पर्वतांच्या उंच्या, राजधान्या! तूंच सांग, या विषयांत पदवीनंतर शिकण्यासारखें उरतें तरी काय?"

खरें सांगावयाचें तर या प्रश्नाचें उत्तर मजजवळ नव्हतें. मी मूळचा संस्कृताचा शिक्षक. पाठशाळेंत कौमुदी घोकली, मॅट्रिक झालों व शाळेंत लागलों. भूगोल माझ्या वांट्यास आला, तो तासांच्या वांटणींत दुसरें कोणी तो घेईना म्हणून. मीं दादांकडे आठ दिवसांची मुदत मागितली. त्या आठ दिवसांत नातीनें मला जें समजावून दिलें व मीं पुस्तकांवरून पडताळून पाहिलें, तें येथें सादर करीत आहे. असाच प्रश्न आज पुष्कळ घरांतून उभा राहत असेल, असा माझा अदमास आहे.

आरंभीं माझी एक चूक सांगतों. वर्गांत जगाचा मोठा नकाशा टांगलेला असे. एके दिवशीं एका मुलानें विचारलें, "गुरुजी, नकाशांत ग्रीनलंड ऑस्ट्रेलियाहून मोठें दिसतें. मग ग्रीनलंड हें बेट आणि ऑस्ट्रेलिया हा खंड, असें कां?" मीं त्याला उत्तर दिलें, "पुस्तकांत आहे तें लिही आणि खालीं बैस." मुलगा बसला, पुन्हां त्यानें कांहीं विचारल्याचें मला स्मरत नाहीं. उत्तर मलाच ठाऊक नव्हतें, हें मीं त्याला सांगितलें नाहीं.

नातीस ही गोष्ट सांगितली, तेव्हां तिनें एक मोसंबें सोललें आणि त्याची साल पाटावर दाबून सपाट करूं लागली. साल अर्थातच फाटली. ती म्हणाली, "आजोबा, गोल पृथ्वी सपाट कागदावर आणतांना कुठें तरी फाडावी लागते, नाहीं तर ताणावी लागते. काय ताणायचें आणि काय जपायचें, हें ठरविण्याचें गणित म्हणजे प्रक्षेपण." इ. स. १५६९ मध्यें मर्केटरनें जो नकाशा काढला, त्यांत दिशांचे कोन जपले. त्यामुळें खलाशांची सोय झाली. परंतु त्याचें मोल क्षेत्रफळानें दिलें. ध्रुवांकडील प्रदेश अवास्तव फुगले. वस्तुतः ऑस्ट्रेलिया ग्रीनलंडच्या साडेतीन पटींहून मोठा आहे. आणि जो आफ्रिका खंड त्या नकाशांत ग्रीनलंडएवढाच दिसतो, तो चौदा पट मोठा आहे. म्हणजे त्या मुलाचा प्रश्न बिनचूक होता, आणि जी विद्या मीं संपली असें समजत होतों, तिचें दारही मीं उघडलें नव्हतें.

संस्कृत जाणणाऱ्यास हें तर अधिकच लाजिरवाणें. आपल्या सिद्धान्तग्रंथांत 'मी पृथ्वीवर कोठें आहें' हा प्रश्न गणिताचाच मानलेला आहे. याम्योत्तर रेषा उज्जयिनीवरून धरलेली. आणि विषुववृत्तापासून उज्जयिनीचें अंतर पृथ्वीच्या परिघाचा सोळावा भाग, म्हणजे साडेबावीस अंश, असें आर्यभटानें सांगितलें. आजच्या मोजणीनें उज्जयिनीचे अक्षांश सुमारें तेवीस येतात. इतक्या जुन्या काळीं इतकी जवळीक! एकाच याम्योत्तर रेषेवरील दोन गांवांमधील अंतर आणि त्यांच्या अक्षांशांतील भेद हीं दोन कळलीं, कीं त्रैराशिकानें सगळ्या पृथ्वीचा परिघ काढतां येतो, हें भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या सिद्धान्तशिरोमणींत विशद केलें आहे. त्यांतील एका भागाचें नांवच गोलाध्याय. आम्हीं त्या ग्रंथाची थोरवी सांगितली. त्यांतील रीत मात्र मुलांकडून एकदांही करवून घेतली नाहीं.

आधुनिक काळांत या देशाची मोजणी कशी झाली, ती हकीगतही रोमांचकारक आहे. १८०२ मध्यें विल्यम लॅम्टननें मद्रासजवळ एक पायारेषा अत्यंत काळजीपूर्वक मोजली. त्रिकोणाची एक बाजू व दोन कोन कळले, कीं उरलेल्या बाजू गणितानें निघतात. त्या बाजूंवर नवे त्रिकोण, त्यांवर पुन्हां नवे, अशी साखळी उत्तरेकडे निघाली. कोन मोजण्याचें यंत्र सुमारें अर्धा टन वजनाचें. तें डोंगरांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढवावें लागे. लॅम्टनला १८२३ मध्यें मृत्यू आला, तो आपल्या वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें. त्याचें थडगेंही तेथेंच आहे. पुढें याच मोजणीच्या आंकड्यांवरून राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञानें १८५२ मध्यें जगांतील सर्वोच्च शिखर गणितानें ओळखलें. १८५६ मध्यें त्याची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. २०२० मध्यें नेपाळ व चीन यांनीं जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारें २९,०३२ फूट आहे. दूरवरून, शिखरास पायही न लावतां केलेल्या गणितांत फरक पडला तो अवघा तीस फुटांचा! नैनसिंह रावत हा कुमाऊंचा शिक्षक यात्रेकरूच्या वेषानें तिबेटांत गेला आणि पावलें मोजीत १८६६ मध्यें ल्हासास पोहोंचला. त्याच्या माळेंत १०८ ऐवजीं १०० मणी होते, कारण ती माळ जपाची नसून मोजणीची होती. शिक्षकाच्या जातींत असाही एक पुरुष होऊन गेला, हें वाचून मला अभिमान वाटला आणि थोडी शरमही वाटली.

आतां हेंच काम आकाशांतून होतें. खिशांतील फोन आपली जागा सांगतो, त्यांत जादू नाहीं. तेंही त्रैराशिकाच्या कुळांतलेंच गणित आहे. अमेरिकेच्या योजनेंत किमान चोवीस उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि 'मी येथें आहें, आतां वेळ अमुक' असा संदेश सतत धाडतात. संदेश येण्यास लागलेला वेळ प्रकाशाच्या वेगानें गुणिला, कीं उपग्रहाचें अंतर निघतें. अक्षांश, रेखांश व उंची हीं तीन अज्ञातें; आणि आपल्या फोनच्या घड्याळाची चूक हें चौथें. म्हणून निदान चार उपग्रह दिसावे लागतात. घड्याळ सेकंदाच्या दशलक्षाव्या भागानें जरी चुकलें, तरी जागा सुमारें तीनशें मीटर चुकते! भारतानेंही अशी स्वतःची योजना आंखली व २०१३ मध्यें तिचा पहिला उपग्रह सोडला.

दुसरी विद्या दूरसंवेदनाची. निरोगी हिरवें पान डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पुष्कळ प्रमाणांत परत फेंकतें; तेंच पान रोगानें अथवा तहानेनें पिडलें, कीं हें प्रमाण बदलतें. पाणी तो प्रकाश बहुतेक गिळून टाकतें. हे भेद टिपून पीक, पडीक जमीन, जंगल व जलाशय आकाशांतून ओळखतां येतात. आपला पहिला प्रायोगिक भूनिरीक्षण उपग्रह १९७९ मध्यें गेला, त्यास भास्कर हें नांव दिलें होतें. १७ मार्च १९८८ रोजीं आय. आर. एस. मालिकेंतील पहिला उपग्रह सोडण्यांत आला. या विद्येचें शिक्षण देणारी डेहराडूनची संस्था तर १९६६ पासूनची आहे.

तिसरी विद्या या सर्वांस एकत्र गुंफणारी. एकाच प्रदेशाचा उतार, माती, ओढे, पाऊस, रस्ते, घरें यांचे निरनिराळे नकाशे पारदर्शक कागदांप्रमाणें संगणकांत एकावर एक ठेवावयाचे आणि मग त्यांना प्रश्न विचारावयाचा. लंडनांत १८५४ मध्यें पटकीची सांथ आली, तेव्हां डॉक्टर जॉन स्नो यांनीं मृत्यू झालेलीं घरें नकाशावर मांडलीं. तीं एका सार्वजनिक पंपाभोंवतीं दाटलेलीं दिसलीं. नुसत्या यादींतून जें दिसलें नसतें, तें जागेवरून दिसलें. या विद्येचें बीज तेंच.

आठव्या दिवशीं रात्रीं जेवणें झाल्यावर नातीनें दादांपुढें एक नकाशा मांडला. आमचें मूळ गांव सह्याद्रीच्या कुशींत आहे; पदवीच्या शेवटच्या वर्षीं तिनें त्याच खोऱ्याचा अभ्यास केला होता. तीव्र उतार तांबड्या रंगांत, घरें काळ्या ठिपक्यांनीं. कांहीं ठिपके तांबड्या पट्ट्याच्या अगदीं पायथ्याशीं होते. कोणी कांहीं बोललें नाहीं. ३० जुलै २०१४ रोजीं पुणें जिल्ह्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळून दीडशेंच्या आसपास माणसें गेलीं, तें सर्वांना आठवत होतें. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं रायगडांतील इरशाळवाडीवर तोच प्रसंग ओढवला.

दादांनीं चष्मा पुसला, नकाशा जवळ ओढला आणि एका निळ्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "हें चूक आहे. हा ओहोळ येथून वाहत नाहीं. माझ्या लहानपणीं मोठ्या पावसांत दरड आली, तेव्हां तो विठोबाच्या देवळामागें वळला. ही जुनी वाट बुजली."

मला वाटलें, आतां मुलगी हिरमुसली होईल. तिनें मात्र वही काढली. "मोठे आजोबा, नक्की कुठें वळला? दरड कोणत्या बाजूनें आली होती?" असे एकामागून एक प्रश्न विचारून तिनें सर्व टिपून घेतलें. मग म्हणाली, "वरून दिसतें त्याची खातरजमा जमिनीवर जाऊनच करावी लागते. म्हणून तर डोंगरांत हिंडायचें. तिथें तुमच्यासारखीं माणसें भेटलीं नाहींत, तर नकाशा सुंदर दिसेल आणि खोटा असेल." पाऊण शतक उराशीं बाळगलेली आपली आठवण कोणाच्या उपयोगीं पडेल, असें दादांना वाटलें नव्हतें. तें त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट दिसलें.

ज्या घरांत असा विचार चालला असेल, त्यांच्यासाठीं कांहीं व्यावहारिक गोष्टी सांगतों. हा अभ्यास बहुधा दोन वर्षांचा असतो. त्यांत नकाशाशास्त्र, संख्याशास्त्र, दूरसंवेदन, संगणकास आज्ञा लिहिण्याची कला, क्षेत्रभेट आणि शेवटीं स्वतंत्र प्रबंध इतकें येतें. भूगोलाचेच नव्हे, तर भूशास्त्र, कृषि, अभियांत्रिकी व संगणक या शाखांचे पदवीधरही पुष्कळ ठिकाणीं घेतले जातात. सावित्रीबाई फुले पुणें विद्यापीठांत भूगोलाचा विभाग आहे, मुंबईच्या आय. आय. टी.मध्यें या विद्येचें केंद्र १९७६ पासून आहे. संस्था निवडतांना इमारत पाहूं नये. शिकविणारे कोण आहेत, मुलांना प्रत्यक्ष मोजणीस नेतात कीं नाहीं, आणि मागील वर्षींच्या मुलांनीं कोणते प्रबंध लिहिले, तें विचारावें. केवळ एखादें यंत्र अथवा संगणकाची एखादी प्रणाली चालविण्यास शिकविणारे वर्ग थोड्या महिन्यांत संपतात. ती हातोटी झाली, विद्या नव्हे. प्रणाली दर चार वर्षांनीं बदलते. प्रक्षेपणाचें गणित व प्रदेश वाचण्याची दृष्टि जन्मभर पुरते.

नोकरीविषयीं खोटी आशा लावणें मला आवडत नाहीं. पदवी हातीं पडतांच कोणी दाराशीं येऊन उभा राहत नाहीं. परंतु पाणीपुरवठा, शेती, विमा, नगररचना, जंगल, रस्ते, आपत्तिनिवारण या सर्वांना आज नकाशा लागतो. २०२० पासून गांवठाणांतील घरांची मोजणी ड्रोननें करून मालकीची सनद देण्याची योजना सुरूं झाली. २०२१ मध्यें नकाशे तयार करण्यावरील पुष्कळ निर्बंध सरकारनें उठविले. काम आहे, तें करणारा कसबी पाहिजे. वहिनींच्या चिंतेस उत्तर इतकेंच, कीं क्षेत्रभेटीस मुलें व मुली गटानें जातात, शिक्षक बरोबर असतात. आणि ज्या डोंगरांत आपल्या आज्या डोईवर हंडे घेऊन चढल्या, तेथें नातीनें वही घेऊन चढण्यांत भय मानण्याचें कारण नाहीं.

निकाल दादांनींच दिला. "जाऊं दे तिला," ते म्हणाले. "पण तो ओहोळ दाखवायला मी बरोबर येणार." दिवाळीच्या सुटींत आजोबा-नात खरोखरच गांवीं जाऊन आलीं. दादा काठी टेकीत देवळामागें गेले, नातीनें तेथें फोन धरून जागा टिपली, आणि नकाशावरची निळी रेघ हलली.

माझें काम मात्र उरलें आहे. ज्या मुलाला मीं खालीं बसविलें, तो आतां पन्नाशीच्या घरांत असेल. त्याचा पत्ता मजजवळ नाहीं. हा अंक त्याच्या घरीं जात असल्यास त्यानें समजावें, कीं त्याचा प्रश्न योग्य होता व उत्तर वर दिलें आहे. तें द्यावयास गुरुजींना फार उशीर झाला.