मोरचुदाचा खडा पाण्याच्या किती पट जड?

द्राक्षाला आणि कोकणात सुपारीला बुरशी लागू नये म्हणून मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारतात. पण खडा निळा दिसला म्हणजे तो मोरचूदच, असे नाही. तुरटीसुद्धा निळी रंगवता येते. मोरचुदाचे काम तुरटी करणार नाही. पैसे जातील, आणि पावसाळ्यात बागही जाईल. अशा वेळी खडा जोखण्याची एक रीत आम्ही सांगतो.

विहिरीतून पाणी ओढताना बादली बुडालेली असते तोवर हलकी लागते. वर आली की हाताला ओढ बसते. असे का? बुडालेली वस्तू जेवढी जागा अडवते, तेवढ्या जागेतल्या पाण्याच्या वजनाइतकी ती हलकी होते. हा नियम आर्किमिडीज नावाच्या ग्रीक पंडिताने सुमारे 2200 वर्षांपूर्वी सांगितला.

मग खडा पाण्यात टांगून तोलावा की! पण इथे अडचण आहे. मोरचूद पाण्यात विरघळतो. तोलता तोलताच खडा झिजायचा! म्हणून रॉकेल घ्यायचे. त्यात मोरचूद विरघळत नाही. रॉकेल मिळाले नाही तर डिझेल चालेल. चूल आणि विडी मात्र लांब ठेवा.

आधी रॉकेल जोखू. ज्या बाटलीत 500 ग्रॅम पाणी मावते, तीच बाटली रॉकेलने काठोकाठ भरली. बाटलीचे वजन वजा जाता रॉकेल 400 ग्रॅम भरले. म्हणजे रॉकेल पाण्याच्या 0.8 पट. डिझेल घेतले तर तेही असेच मोजावे, कारण त्याचा आकडा वेगळा येतो.

आता खडा तोलला. समजा, तो 228 ग्रॅम भरला. बारीक दोऱ्याने तो पारड्याखाली बांधून रॉकेलात पूर्ण बुडवला. खडा भांड्याला टेकू द्यायचा नाही, अंगावरचे बुडबुडे झटकायचे. आता वजन आले 148 ग्रॅम. घट झाली 80 ग्रॅम. खड्याएवढ्या जागेतले रॉकेल 80 ग्रॅमचे. तेवढ्याच जागेत पाणी किती? 80 ला 0.8 ने भागा, 100 ग्रॅम. खडा 228 चा, म्हणून तो पाण्याच्या 2.28 पट जड. शास्त्रात याला सापेक्ष घनता म्हणतात.

शुद्ध मोरचुदाचा आकडा हाच, 2.28. तुरटीचा 1.76 आणि हिराकसाचा सुमारे 1.9. चांगल्या, अखंड खड्याचा आकडा 1.76 च्या आसपास आला, तर तो मोरचूद नव्हे, हे पक्के. खडा भेगाळ किंवा पोकळ असला तर आकडा फसवा येतो, तेव्हा दुसरा खडा घ्या.

उलट, 2.28 आला म्हणून मोरचूदच, असे छातीठोक म्हणता येत नाही. मिठाचा आकडा 2.16, म्हणजे अगदी जवळचा. शंका राहिली तर नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा. मोरचूद विषारी आहे. तोलायला वापरलेले भांडे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.